वहिनींचा माणूस

हॉस्पिटलात तिला सगळेच वहिनी म्हणत. तिच्या आईच्या वयाच्या आयाबाईसुद्धा. आधी ती रीतसर मॅडम होती. मग तिचा धाकटा दीर तिथं कामाला लागला आणि पहिल्याच सकाळी भर कॉरिडॉरमधून त्यानं हाक मारली, "वहिनी, हा माझा डबा कुठं ठेवू?" ती मॅडम जी गेली ती गेलीच. आठवडाभरात वायरमनपासून रक्त तपासणाऱ्या मुलींपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली, आणि दिराला नाव पडलं 'वहिनींचा माणूस'. घरात त्याला धाकटा म्हणत, कारण नवऱ्याहून तो बराच लहान होता.

तिनं सुरुवात केली ती नोंदणीच्या खिडकीवर. तिथं रोज सकाळी भांडणं होत. लोक काचेवर हात आपटत, आतली माणसं वर न बघता "थांबा" म्हणत. तिच्या लक्षात आलं की लोकांना थांबण्याचा राग नाही. किती थांबायचं ते कोणी सांगत नाही, याचा राग आहे. मग ती अधूनमधून खिडकी सोडून बाहेर यायची आणि रांगेला सांगायची, "हाडांचे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेत, जेवणाआधी यायचे नाहीत. ज्यांना घरी जाऊन यायचंय त्यांनी जाऊन या, नंबर राखून ठेवते." एवढ्यावर काचा शांत झाल्या. पुढं जे काम कोणालाच नको असायचं ते तिच्याकडे यायला लागलं: नवे कॉम्प्युटर बसवणं, कपडे धुणाऱ्या विभागातली दोन गटांची जुनी दुश्मनी, मोडकी लिफ्ट. ती नाही म्हणत नसे. एकटीही करत नसे. त्या-त्या कामाला लागणारी माणसं हेरायची, त्यांच्याशी गप्पा मारायची आणि कधी त्यांना आपल्या बाजूला ओढलं ते त्यांनाही कळायचं नाही.

तिची एक पद्धत होती. सकाळी सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, पण उभ्यानं. "खुर्ची दिली की माणूस भाषण करतो," असं ती म्हणायची. प्रत्येकानं एवढंच सांगायचं, माझं काय अडलंय. आणि सगळ्यात आधी ती स्वतःचं सांगायची. "मला आज पत्रं लिहायचीत आणि शब्द सुचत नाहीयेत," किंवा "काल मी ठेकेदारावर उगाच ओरडले, आता त्याला फोन करायची लाज वाटतेय." ती बोलली की बाकीच्यांची तोंडं उघडत. खोलीत बोललेलं खोलीतच राहायचं. बाहेर चूक झाली तर ती वहिनींची, आणि काम झालं तर ते ज्यानं केलं त्याच्या नावावर. साहेबांपुढं ती मुद्दाम नाव घेऊन सांगायची, "हे वायरमनला सुचलं." वायरमन मग दिवसभर छाती काढून हिंडायचा आणि कोणीही न सांगता दोन जास्तीचे दिवे दुरुस्त करून टाकायचा.

धाकट्याची गोष्ट वेगळी. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शाळकरी होता. वर्षभरात सासूबाई गेल्या. त्यानंतर त्याच्या प्रगतिपुस्तकावर तिची सही, त्याच्या तापात तिचं जागरण, मित्राची सायकल मोडून आला तेव्हा मित्राच्या आईची बोलणी खायलाही तीच. मोठा झाल्यावर मात्र तो कुठं टिकेना. एका दुकानात मालकाशी बिनसलं, दुसरीकडे कंटाळा आला, तिसरीकडे त्यांनाच याचा कंटाळा आला. शेवटी तिनं मोठ्या डॉक्टरांकडे शब्द टाकला. मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. आपल्या माणसासाठी तिनं शब्द टाकायची ती पहिलीच वेळ.

आणि धाकट्यानं तिचं नाव राखलं. डोकं तल्लख होतं, फक्त कोणी त्याला ते वापरायला दिलं नव्हतं. ती त्याला प्रत्येक बैठकीला घेऊन जायची. निघताना विचारायची, "तिथं कोण गप्प बसलं होतं?" तो सांगायचा. "मग आता आधी त्याच्याकडे जायचं. जो गप्प असतो त्याचंच काहीतरी अडलेलं असतं." असं ती त्याला एकेक शिकवत गेली. घरी येताना दोघं बसमध्ये शेजारी बसून दिवसभराच्या नकला करत. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "तुमच्या हॉस्पिटलात पेशंट असतात की नाही? मला तर फक्त स्टाफचेच आजार ऐकू येतात."

मग ते मोठं काम आलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहिली, आणि जुन्या इमारतीतलं सगळं तिकडं हलवायचं होतं. पेशंट, पलंग, मशिनं, औषधं, जुनी कागदपत्रं, सगळं; आणि तेही हॉस्पिटल एक दिवससुद्धा बंद न ठेवता. मोठ्या डॉक्टरांनी ते काम तिच्यावर सोपवलं. नाहीतर कोणावर सोपवणार होते?

ती हौसेनं कामाला लागली. प्रत्येक वॉर्डाला एक रंग दिला. पलंगाला त्या रंगाची चिकटपट्टी, नव्या इमारतीतल्या दाराला तीच. वाचता न येणाऱ्या हमालालाही पलंग कुठं न्यायचा ते कळलं पाहिजे, हा हिशेब. मुलांच्या वॉर्डात माशांची काचेची पेटी होती. मोठ्या सिस्टर, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, हटून बसल्या की मासे मुलांच्या आधी पोचले पाहिजेत, नाहीतर मुलं रडून इमारत डोक्यावर घेतील. तेही योजनेत बसवलं. रंगीत तालीम म्हणून वायरमनला स्ट्रेचरवर झोपवून अँब्युलन्समधून नव्या इमारतीत नेलं. तिथं पोचेपर्यंत तो खरोखरच घोरायला लागला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पेशंट स्थिर आहे."

सगळं जुळत आलं होतं. एकच गोष्ट जुळेना. नव्या इमारतीत गंभीर पेशंटांच्या विभागात भिंतीतून ऑक्सिजनची नळी नेली होती, आणि तिचा दाब मध्येच उतरायचा. ठेकेदार रोज "उद्या होतंय बघा" म्हणायचा. इकडं उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे बोलावलेले. तिनं मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, बाकी सगळं ठरल्या दिवशी नेऊ, तेवढा एक विभाग मागाहून नेऊ. ते म्हणाले, "अर्धं हॉस्पिटल हलवलं म्हणून लोक हसतील." तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात टेबलाभोवती तिघं मटार सोलत बसले होते. ती, नवरा आणि धाकटा. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शेंग मोडता मोडता ती म्हणाली, "खरं सांगू? हे जमेल असं मला स्वतःलाच वाटत नाहीये. वाटतं, पर्स उचलावी, सरळ चालू लागावं आणि परत तिकडं फिरकूच नये."

"पर्स सापडायला हवी ना आधी," नवरा म्हणाला. "रोज सकाळी अर्धं घर तीच शोधत असतं."

तिघंही हसले. ती हसली आणि मोकळी झाली. बोलून टाकलं की तिचं ओझं उतरायचं. सकाळी ती पुन्हा ताजीतवानी होऊन बाहेर पडायची. त्या सकाळीही तशीच पडली.

काही दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. आवाज मऊ होता, तिथंच ती सावध झाली. हा माणूस चिडलेला असला की सरळ बोलायचा. मऊ बोलायला लागला म्हणजे निर्णय होऊन गेलेला असायचा.

"बसा. खूप धावपळ झाली तुमची. दमला असाल."

"काम संपेपर्यंत दमायचं नाही असं ठरवलंय, सर."

"नाही, पण माणूस आहे. स्वतःलाच जमेल असं वाटत नसलं, तर तसं मोकळेपणानं सांगावं. त्यात कमीपणा नाही. एवढे पेशंट हलवायचेत. पर्स उचलून चालू लागावं, परत फिरकू नये असं ज्याला वाटतंय, त्याच्या हातात हे देणं म्हणजे..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

पुढचं तिला काही वेळ ऐकूच आलं नाही. 'पर्स' एवढा एकच शब्द कानात राहिला. तो शब्द या खोलीत आला कुठून? तो तिच्या स्वयंपाकघरातला होता. मटाराच्या सालांमध्ये पडलेला होता. तिथं तिघंच होते, आणि त्यातला एकच या इमारतीत कामाला होता.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिनं विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

"कोणी सांगितलं याला महत्त्व नाही. काळजीपोटीच सांगितलं. आणि जबाबदारी तरी बाहेर कुठं देतोय? घरातच राहतेय की. तुम्ही त्याला मार्गदर्शन करा."

ती उठली. जिना उतरून सकाळच्या बैठकीच्या खोलीशी आली. धाकटा आत होता. भिंतीवरच्या रंगीत नकाशासमोर, जिथं एरवी ती उभी राहायची तिथंच उभा. बाकीचे त्याच्यासमोर अर्धगोल करून. ती दारात दिसली तशी सगळ्यांचं बोलणं थांबलं. मोठ्या सिस्टर पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, आम्हाला आत्ताच कळलं. तो म्हणाला, वहिनीला झेपत नाहीये, घरात सगळं बोलणं झालंय. तुमच्याच संमतीनं चाललंय ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. धाकटा सोडून, तो नकाशाकडे बघत होता, कान लाल झाले होते.

तिला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. नाही, असं काही बोलणं झालेलं नाही. मग काय झालं असतं, तेही तिला दिसत होतं. निम्मी माणसं तिच्या बाजूनं, निम्मी त्याच्या, आणि मधोमध पेशंटांनी भरलेली स्ट्रेचरं. तिनं ही मंडळी एकेक करून जोडली होती. ती फोडायची ताकद तिच्या एका वाक्यात होती.

"हो," ती म्हणाली. "झालंय बोलणं."

मोठ्या सिस्टरांचा चेहरा सैलावला. वायरमन म्हणाला, "बरं झालं वहिनी, जरा आराम करा." त्यानं ते मनापासून म्हटलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. एवढ्या माणसांत एकालाही शंका आली नाही. एकालाही वाटलं नाही की ही बाई असं अर्ध्यावर सोडणारी नाही.

मग दिवसभर बसून तिनं धाकट्याला सगळं समजावून दिलं. कुठली अँब्युलन्स कोणाची, कुठल्या ड्रायव्हरला गाडी मागं घेता येत नाही, फार्मसीवाल्याला कामाला लावायचं तर आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते, सगळं. त्यानं सगळं टिपून घेतलं. दोघांनी एकमेकांकडे मान वर करून बघितलं नाही. संध्याकाळी ती एकटीच बसनं घरी आली.

तो मागाहून आला. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. नवरा टेबलाशी.

"का केलंस?" तिनं विचारलं.

"मी खोटं काय बोललो?" तो म्हणाला. तयारी करूनच आला होता. "तूच म्हणालीस ना, जमेलसं वाटत नाही? मोठे डॉक्टर मला म्हणाले, वहिनी हल्ली चिडचिड करतात, काय झालंय? मी जे होतं ते सांगितलं."

"खोटं बोलला असतास तर बरं होतं रे. खोटं मला खोडून काढता आलं असतं. माझंच बोलणं मी कसं खोडू?"

तो एकदम उसळून म्हणाला, "तुला माहितीये, मला तिथं नाव नाहीये? 'वहिनींचा माणूस'. सगळे हेच म्हणतात. वायरमननं दिवा लावला की तू त्याचं नाव घेतेस. सिस्टरांचं घेतेस. माझं कधी घेतलंस? रंगांची कल्पना माझी होती."

तिनं आठवून बघितलं. चिकटपट्टीचा रंग बसमध्ये बोलता बोलता निघाला होता, आधी कोण म्हणालं ते तिला सांगता येईना. त्याचं म्हणणं खरंही असेल. घरच्या माणसाचं कौतुक केलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ती त्याचं नाव घ्यायला कचरायची, हे तर खरंच होतं.

"मग मला सांगायचंस," ती म्हणाली. "भांडायचंस. याच टेबलाशी बसून. माझं बोलणं तिकडं नेऊन विकायची काय गरज होती?"

तो नवऱ्याकडे बघायला लागला. ती नजर तिनं पकडली. मदत मागणारी नजर नव्हती ती. आता तू बोल, आपलं ठरलं होतं ना, असं म्हणणारी होती.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं टेबलावरचं पुसायचं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं. "तो म्हणाला होता मला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलंय म्हणून. मला वाटलं, तुझ्याही अंगावरचा भार कमी होईल. त्याचंही बस्तान बसेल. घरातलं घरात."

"आणि मला कोण सांगणार होतं?"

"तू ऐकली असतीस का?"

तिनं चहाचं भांडं गॅसवरून उतरवलं, त्या दोघांना ओतून दिला आणि आत जाऊन आडवी झाली. धाकट्याचं एक वेळ समजत होतं. पोरगं वर यायला धडपडत होतं. पण हा माणूस रोज सकाळी तिची पर्स शोधून द्यायचा, पोळीचा शेवटचा घास तिच्यासाठी ठेवायचा. आणि तिच्या पाठीमागं तिच्याबद्दलची बैठक भरली तेव्हा हा त्या बैठकीत होता.

हलवाहलवीच्या दिवशी तिला जुन्या इमारतीच्या फाटकाशी उभं केलं होतं, राहिलेलं-साहिलेलं बघायला. मनातल्या मनात तिला वाटत होतं, काहीतरी चुकावं. लगेच ती स्वतःच चरकायची, कारण चुकणं म्हणजे कोणाचा तरी जीव. काहीच चुकलं नाही. पलंग आपापल्या रंगाच्या दारात गेले, मासे मुलांच्या आधी पोचले. धाकट्यानं काम चोख केलं. आणि गंभीर पेशंटांचा विभाग? तो त्या दिवशी हलवलाच नाही. धाकट्यानं मोठ्या डॉक्टरांना सुचवलं होतं, त्या विभागाचं वेगळं उद्घाटन करू, दुसरे मोठे पाहुणे बोलावू. मोठे डॉक्टर खूश. ती इतके दिवस नळीच्या दाबाबद्दल बोलत होती, त्यानं पाहुण्यांबद्दल बोलून तीच गोष्ट पदरात पाडून घेतली. पेशंट सुखरूप राहिले याचं तिला बरं वाटलं. बाकी काय वाटलं, ते तिला कोणाला सांगता आलं नसतं.

समारंभात मोठ्या डॉक्टरांनी धाकट्याला स्टेजवर बोलावलं, पाठ थोपटली. मग म्हणाले, "आणि यांच्या वहिनींनीही सुरुवातीला बरीच मदत केली." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मोठ्या सिस्टरांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच ठेवले आणि वळून तिच्याकडे बघितलं. त्यांना तेव्हा कुठं समजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या तिला गाठून म्हणाल्या, "वहिनी, मी विचारायला हवं होतं. नीट विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "मी हो म्हटलं होतं, सिस्टर. तुमची काय चूक?" पण त्यानंतर दोघींना एकमेकींशी पूर्वीसारखं बोलता आलं नाही.

तिनं हॉस्पिटल सोडलं. औषधांच्या एका मोठ्या गोदामात व्यवस्थापक म्हणून लागली. तिथं ती पुन्हा मॅडम झाली. कामात ती होती तशीच होती. गोदामातली माणसं थोड्याच महिन्यांत एकमेकांशी धड बोलायला लागली, गाड्या वेळेवर सुटायला लागल्या. कोणाचं काय अडलंय, हे ती अजूनही विचारायची आणि सोडवायचीही. स्वतःचं मात्र सांगायची नाही. एकदा पॅकिंगवाल्या बाईनं विचारलं, "मॅडम, तुमचं कधीच काही अडत नाही का हो?" "नाही बाई," ती हसून म्हणाली. ती बाई हसली नाही. तिथले लोक तिला मान देत. जवळ मात्र कोणी येत नसे. तिला ते कळत होतं आणि तिला तेच हवं होतं. घरीही ती आता दिवसभराचं काही सांगत नसे. नवरा विचारायचा, "काय म्हणतंय गोदाम?" ती म्हणायची, "चाललंय."

धाकटा वेगळी खोली घेऊन राहायला लागला होता. एका रविवारी दुपारी तो आला. थोडा जाड झाला होता, केस विरळ. त्याला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं, मोठी जागा, हाताखाली बरीच माणसं. बराच वेळ इकडंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, जाऊ का नको? तिथली माणसं कशी असतील, मला सांभाळता येतील का, काही कळत नाहीये. रात्री झोप लागत नाही." एवढं बोलून तो तिच्याकडे बघत राहिला, शाळेचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी बघायचा तसा.

तिला पुष्कळ सांगता आलं असतं. पहिले काही दिवस फक्त ऐक. जुन्या माणसांना बदलू नकोस, त्यांना विचार. सगळं ओठांवर आलं होतं.

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. "चहा घेणार का?"

त्यानं चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला. नवरा बाजारातून आला तेव्हा ती कपडे घडी घालत बसली होती. त्यानं जिन्यात भावाला बघितलं होतं.

"काय म्हणत होता?"

"त्यालाच विचारा," ती शर्टाची बाही सारखी करत म्हणाली. "तुम्ही दोघं बोलता की."